हजारी

पहिला बगीचा मी रस्त्यावरूनच घेतला.
मोटरसायकल उभी केली, धुऱ्यावर चढलो,
विहिरीजवळचं एक झाड मोजलं,
आठशे चाळीस फळं,
आणि गुणलं साडेतीनशे झाडांनी.
मोबाइलच्या पडद्यावर
दोन लाख चौऱ्याण्णव हजार संत्री लटकली.

इंदूबाई होले खाटेवर मुगाच्या शेंगा सोलत होत्या.
"आतून नाही पाहात का रे?"
"दिसते ना इथून," मी म्हणालो,
आणि इसार दिला
नोटांवरचा बँकेचा पट्टाही न काढता.

आत झाडं होती. नव्हती असं नाही.
चौथ्या रांगेपासून डिंक्या लागलेली,
कोळशीनं काळी,
सल काढायचीच राहून गेलेली.
शेंड्यावर पाच-सात फळं,
कुणी विसरून गेल्यासारखी.

भाव तेव्हा अठ्ठावीसशे हजारी.
सव्वीसशे झाला तेव्हा मी वरूडला नाक्यावर चहा पीत होतो.
चोवीसशेला म्हणालो, कळमन्यात आवक वाढली, दोन दिवसांचा खेळ आहे.
एकवीसशेला फोन पालथा ठेवला.
आणि अठराशेला
(हे घरी अजून माहीत नाही)
लोणीकडे आणखी एक बगीचा घेतला,
पहिल्याचं दुसऱ्यात निघेल म्हणून.
स्वस्त होता.
का स्वस्त होता ते विचारायला
मला वेळ नव्हता.

जागलीला गेलं की फळगळ ऐकू येते.
धप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग धप्.
मी मचाणावर पडून गुणाकार करायचो.
वजाबाकी शाळेत शिकलो होतो,
तिथंच राहिली.

गुणवंतभाऊ आंडे चाळीस वर्षं बगीचे पाहतात.
म्हटलं, शिकवा.
"मले काय येते? मी तं वही लिहितो फक्त."
वही दाखवली नाही.
बसायला चुंगडी पुढं सारली, चहा पाजला,
आणि पावसापाण्याचं बोलत राहिले.

मग मीही घेतली एक, शाळेची, दोनशे पानी.
डाव्या बाजूला मी काय म्हणालो,
उजव्या बाजूला किती उतरलं.
बगीचे लोकांचे, इसार लोकांचा,
माझा एक रुपया नाही.
तोडणीच्या दिवशी क्रेट मोजायला मात्र हजर.
बाया हसायच्या:
"याचं इथं काही नाही, मंग हा काहून येते वं?"

पहिलं पान मला वाचवत नाही.
लिहिलं सातशे, उतरलं तीनशे दहा.
लिहिलं साडेसहाशे, उतरलं दोनशे ऐंशी.
तेराव्या पानावर कळलं
की सकाळी मी जास्त मोजतो,
तिरप्या उन्हात पिवळं पानही फळ होतं.
आणि ज्या दिवशी शेजारच्या कुणी सौदा केलेला असतो
त्या दिवशी फारच जास्त.
झाडांचा त्यात काही दोष नव्हता.

आता वाकून आत शिरतो,
दर सातव्या रांगेत, झाडाच्या पोटापर्यंत.
मानेवर ओरखडे येतात.
तरी ऐंशी-नव्वदनं चुकतोच.
ते चुकणं धरून भाव सांगतो,
आणि बहुतेक वेळा
रिकाम्या हातानं परत येतो.

काल इंदूबाईंकडं गेलो होतो.
तीच खाट, मुगाच्याच शेंगा.
माझा आकडा ऐकून त्या म्हणाल्या,
"तो पोरगा दीडपट देतो म्हणते."

धुऱ्याशी नवी मोटरसायकल उभी होती.
विहिरीजवळच्या झाडाखाली एक जण,
मान वर, ओठ हलतायत.
मी हाक मारायला तोंड उघडलं.
इंदूबाईंचे हात शेंगेवरच थांबले.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं,
रागानं नाही, नुसतंच.

मी वही काढली.
डावीकडं लिहिलं: तीनशे चाळीस.
उजवी बाजू कोरी ठेवली.