निदानरेषा

फिल्म उजेडाला धरून डॉक्टर कुरियन म्हणाले,
हा स्क्रू कुणी घातला?
तू म्हणालीस, परळला, सत्त्याण्णव साली.
कुणामुळे, ते त्यांनी विचारलं नाही.
मी पाण्याची बाटली उघडली. बंद केली.

घणसोलीचं मैदान, जत्रेचे सामने,
बल्बांभोवती पाखरं.
तू चढाईला आलीस, निदानरेषा ओलांडलीस, वळलीस
आणि मी घोटा धरला.
पकड नियमातच होती, पंचांनी बाद दिलं.
पण तू वरून वळलेली, पाऊल माझ्या मुठीत,
मधे गुडघा.
ओला सुंभ तुटावा तसा आवाज
दोघींनीच ऐकला, द्वारके.

त्याच वर्षी तुझ्या भावाशी माझं लग्न झालं.
पाय धरून सोयरीक आणली, गाव हसलं.
माझ्या हळदीत तू कुबडी घेऊन नाचलीस.

डॉक्टर कागदावर काढून दाखवतात:
तेव्हा वाटीखालची पट्टी घेऊन
हाडातून लिगामेंट ओवलं होतं.
आता सांधा बदलताना ते कापून काढायचं,
नव्या सांध्यात त्याला काम नाही.
काढायचं म्हणजे टाकायचं? तू विचारलंस.
अठ्ठावीस वर्षं जपलं होतंस,
जिना एकेक पाय,
मासळी कापायलाही कधी खाली बसली नाहीस.

घोळ स्क्रूचा होता.
जुनी कंपनी, डोक्याला सहा कोनांची खाच,
वर हाड चढलेलं.
त्याला बसणारा स्क्रूड्रायव्हर तुर्भ्याला
कुणाच्या तरी पेटीत सापडला,
म्हणून गुरुवारचं ऑपरेशन सोमवारवर गेलं.

कमरेखाली बधिर, तू जागी,
पडद्यापलीकडचे हातोडीचे ठोके मोजत राहिलीस.
एकसष्टपर्यंत मोजले, मग डुलकी लागली म्हणे.
स्क्रू सोडतच नव्हता.
सिस्टरने डबीतून आणून दिला,
बोटाच्या पेराएवढा,
आट्यांत अजून हाडाचा चुरा.
तू डबी माझ्या हातात ठेवलीस:
घे गो, तुझीच पकर.

आज अकरावा दिवस.
वाशीहून शार्दूल येतो, फिजिओ, कालचं पोर.
आधीची चिरफाड आहे, आत सगळं चिकटलंय,
सत्तर अंशांवर गुडघा अडतो.
मावशी, श्वास धरू नका, तो म्हणतो,
सोडा, सोडत राहा.
तू माझ्याकडे बघतेस.
एका दमात सात जणींत शिरून परतणारी बाई,
तिला हा सांगतो, दम सोड.

मी फरशीवर बसते,
टाचेखाली हात घालते.
तोच घोटा, आता सुजलेला, कातडी चकचकीत.
हळूच मागे सरकवते.
पंच्याहत्तर.
तुझे ओठ हलतात, कबड्डी कबड्डी,
अजून घे, म्हणतेस, घे.
ऐंशीला तू मला आईवरून शिवी घालतेस
आणि पोरगा वहीत लिहितो,
ऐंशी.