पोहोच

मे महिन्यात लिहून ठेवली होती मी ती ओळ,
कूलरसमोर, कलिंगड खात,
'निर्मळ वॉटर फिल्टर्स'च्या नव्वद पोस्टींमधली एकसष्टावी:
"पाणी येतंय तुमच्या दारी. तयार आहात ना?"
खाली निळा थेंब. थेंबाला डोळे, डोळ्यांत हसू.
वेळ सकाळी सहा पाच,
कारण टूल म्हणालं होतं,
सिंहगड रोड सहा पाचला जागा असतो.

खरंच होता.

रात्री धरणातून सोडलेलं पाणी
चारला पुलाला टेकलं, पाचला पार्किंगमध्ये शिरलं,
साडेपाचला तळमजल्यावरचे फ्रिज उचलून
हॉलभर फिरवत होतं.
लोक गच्चीवर. कुणाच्या कडेवर मांजर,
कुणाच्या छातीशी कागदपत्रांची पिशवी,
मोबाईल मात्र सगळ्यांच्या हातात.
तेवढ्यात तो थेंब हसला.

मी धायरीत, चौथ्या मजल्यावर, गाढ.
माझं कामच ते. सतरा दुकानांच्या वतीनं
झोपेत बोलायचं.
दोन दातांचे डॉक्टर, एक मंगल कार्यालय,
गुडघ्यांच्या तेलाचा एक कारखानदार,
ज्याला रोज सुप्रभात म्हणायचं असतं
आणि ज्याला मी अजून पाहिलेलं नाही.

शिव्या पडू लागल्या. त्याचीही सोय होती.
प्रत्येक शिवीखाली, बाराव्या सेकंदाला:
"आपुलकीबद्दल आभार! आमचा माणूस लवकरच आपल्या घरी पोहोचेल."
एका बाईनं लिहिलं, वडील ऑक्सिजनवर आहेत,
लाईट गेलीय, बोटवाला कुणाच्या ओळखीचा आहे का?
तिलाही तेच. थेंबासकट.
मग कुणी चोरघे म्हणून, खरा माणूस, त्यानं नंबर दिला.
टूलनं त्याचेही आभार मानले.

सव्वासहाला दस्तगीरभाई तांबोळींचा फोन,
पुतण्याच्या नंबरवरून.
"मॅडम, ते आपलं बंद करा ना."
मी लॅपटॉप उघडला. टूलनं मला बाहेर काढलं होतं,
माझ्याच सुरक्षेसाठी.
आत जायला सहा आकडे लागतील, म्हटलं,
दुकानाच्या फोनवर येतील.
थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला.
"दुकानाचा फोन दुकानात आहे, मॅडम."

दुकान कुठे आहे, हे मी विचारलं नाही.

'पुन्हा पाठवा' दाबलं. पुन्हा दाबलं.
गल्ल्याच्या खणात, गढूळ पाण्याखाली,
उजळला असेल का तो पडदा
माझ्या सहा आकड्यांनी, एकदा तरी?
नऊला पुढची पोस्ट गेली: पावसाळी सवलत.
साडेबाराला त्याहून पुढची:
"आज किती ग्लास पाणी प्यायलात?"
मी खिडकीशी उभी राहून
स्वतःचंच वाक्य वाचत होते, तीन वेळा, चार वेळा,
व्याकरणाची चूक सापडते का बघत.

रविवारी गेले. खराटा घेऊन,
कारण रिकाम्या हातानं कसं जायचं.
फुटपाथवर फिल्टरच्या कांड्या ओळीनं वाळत घातलेल्या,
पांढऱ्या होत्या म्हणे. आत चिखल, घोट्याएवढा.
दस्तगीरभाईंनी समोरच्या टपरीवरून चहा मागवला,
साखर कमी, माझं लक्षात ठेवून.
रागाचा एक शब्द नाही. जुलैचे पैसे
त्यांनी जूनमध्येच दिले होते.

आणि नेमका तेव्हाच माझा फोन थरथरला.
साप्ताहिक अहवाल. हिरवा बाण.
"अभिनंदन! निर्मळची पोहोच
चारशे बारा टक्क्यांनी वाढली."
मी पालथा घातला, पण त्यांनी वाचलं होतं.

ते भिंतीपाशी गेले. कॅलेंडरच्याही वर
एक तपकिरी रेघ, गवंड्यानं मारावी तशी सरळ.
टाचा उचलून त्यांनी बोट लावलं.
"पोहोच म्हणजे हीच ना, मॅडम?"
विचारलं अगदी साधेपणानं,
शिकायचं असावं तसं,
आणि पुतण्याला हाक मारली वायपरसाठी.