हात राहू दे

डंडीच्या लायब्ररीत, मंगळवारी, सहा ते आठ.
शिकवणाऱ्या बाईंचं नाव आयला.
पहिल्या दिवशी हसू दाबताना मला ठसका लागला;
तिनं पाणी आणून दिलं,
कारण काही मला सांगता येईना.

फोटोवरून मी मला काढतेय, स्क्रीनवर.
आयला म्हणते, कातडीला स्वतःचा रंग नसतोच फारसा,
असतो तो आजूबाजूचा, उसना.
बघ टेकवून.
मी ड्रॉपर टेकवला:
गालावर विटकरी,
नाकाच्या बगलेत वांग्याचा जांभळा,
आणि हनुवटीखाली चक्क शेवाळ,
स्वेटरचं.
सांगलीच्या फोटोवाल्यानं लग्नाच्या अल्बमात
मला न विचारता गोरी केली होती,
मानेपर्यंतच. हात राहून गेले.

शेजारी मोराग, वय बहात्तर,
तरुणपणी तागाच्या गिरणीत होती, म्हणून मोठ्यानं बोलते.
तिनं आणलाय समुद्रकाठचा फोटो, एकोणऐंशी सालचा.
"ह्याला काढायचाय," म्हणाली.
ह्याला म्हणजे नवऱ्याला.
मी मनात मराठी केलं तिचं वाक्य आणि अडखळले:
आमच्यात चित्रही काढतात
आणि काटाही.

तीन मंगळवार ती काढत होती.
इकडची वाळू उचलून तिकडे,
लाटेचा तुकडा त्याच्या छातीवर,
एक सीगल दोनदा उमटला, तो पुसला.
बूट सगळ्यात चिवट निघाले.
आज गेला तो.
खांद्यावर तिच्या उरली फक्त चार बोटं.

आयला वाकून म्हणाली, हे तर दोन मिनिटांचं काम.
मोराग झूम करत गेली,
नखं दिसेपर्यंत,
मग नखांचे नुसते चौकोन होईपर्यंत.
मग अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं:
"राहू दे.
गार होतं त्या दिवशी."

कोणी काही बोललं नाही.
प्रिंटर आपला घरघरत होता, कुणाचं तरी बिल.
आठला पाच कमी. मी फाइल बंद करायला घेतली.
आतापर्यंतची नावं: मी-फायनल, मी-फायनल-दोन,
मी-फायनल-आता-खरंच.
सेव्ह करू का, मशीननं विचारलं.
कर बाबा,
पण फायनल नको म्हणूस.
अजून हात काढायचेत.