सहा पॉइंट आठ

निपाणीच्या सरकारी दवाखान्यात, मागच्या खोलीत,
आकडा मीच लिहिते रिपोर्टवर.
तानूबाई हुंदरे, वय एक्केचाळीस, सहा पॉइंट आठ.
दोन महिने गोळ्या खाऊन
आकडा जागचा हललेला नाही.

"शेवग्याचा पाला खाते, हुलग्याचं माडगं पिते,
तवासुदिक बिडाचा हाय.
मग लोखंड जातंय कुठं, बाई?"

डॉक्टर हुक्केरीमठ केसपेपरवर वाकून पुटपुटतात, कब्बिण.
मी मराठीत समजावते.
आतडं दोघांचंही ऐकत नाही.

जठर संपलं की बारा बोटांची वाट आहे,
आत बारीक लव, मखमलीसारखी,
आणि लवेत दारं.
भाकरीतलं लोखंड येतं गंजाच्या अंगानं.
तसं कुणी आत घेत नाही.
दाराशी एक इलेक्ट्रॉन त्याच्या हातावर ठेवावा लागतो;
ताटात लिंबाची फोड असली तर लवकर उरकतं.
वरून चहा पडला, की ते चहालाच चिकटतं
आणि तसंच पुढं निघून जातं.
हजार बिड्यांना तीन कप, हा तानूबाईंचा हिशेब.

आत शिरलं म्हणजे रक्तात पोचलं, असंही नाही.
पेशीच्या पाठीला आणखी एक दार.
त्याची कडी यकृताच्या हातात.
एकदा आलेलं लोखंड बाहेर घालवायला
अंगात वाटच ठेवलेली नाही,
म्हणून जी काय राखण ती उंबऱ्यावर.
आणि अंगात कुठं काही धुमसतंय असं वाटलं
तर यकृत कडी घालून बसतं,
जंतूंच्या तोंडी लोखंड पडू नये म्हणून.
पेशी थांबते तीन-चार दिवस
पदरात लोखंड बांधून.
मग गळून पडते, पदरासकट.

मी विचारलं, खोकला कधीपासून?
तानूबाई हसल्या. भुवयांत तंबाखूची पिवळी धूळ.
"खोकला व्हय? त्यो लग्नापास्नं हाय.
त्याला कोण मोजतंय."

थुंकीची डबी दिली, सकाळी उठल्याउठल्या, म्हटलं.
गोळी पाण्याबरोबर. चहा दोन तासांनी.

समोरच्या गाड्यावर त्यांनी कप उचलला,
माझ्या खिडकीकडं बघितलं,
खाली ठेवला.
वाफ जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच.
मग पिऊन टाकला त्यांनी, गार झालेला,
पैसे दिलेले होते म्हणून.