सावद्याच्या वाचनालयात, मंगळवारी

पार्सल सोडलं, सुतळी गुंडाळून ठेवली.
विणकामाचं घ्या, चित्रं मोठी आहेत.
झोपेवरचं मीच वाचतेय; बाराव्या पानावर
रोज डोळा लागतो, म्हणजे चांगलंच असणार.
कुंडीतल्या भाज्यांचं बेंडाळे सरांनी नेलं,
दहा एकर केळी असून.

आणि हे, एका माणसाच्या स्वयंपाकाचं.
वारकेकाकू, रागावू नका.
भरीत दिलंय त्यात
एका वांग्याचं, गॅसवर भाजलेलं.
"एका वांग्याचं?" त्या हसल्या,
"मग कपाशीच्या काड्या पेटवायच्या कुणासाठी?"
तरी पिशवीत घातलं.

पंधरा दिवसांनी परत आलं.
त्या पानाला धुराचा वास,
समासात पेन्सिलीनं बारीक अक्षर:
वांगी दोन घ्यावीत.
कुणी आलंच तर.