कॉड आणि हॅडॉक

मंगळवारी साडेसहाला, ग्रिम्सबीत,
मेथडिस्ट हॉलच्या मागच्या खोलीत
नऊ खुर्च्या आणि एक हीटर, तोही खोकणारा.
माझे विद्यार्थी फिश फॅक्टरीतून थेट येतात.
हात तीनदा धुतलेले, तरी वह्यांना वास लागतोच.
लागू दे. या गावात तो कुणाला परका नाही.

पहिल्याच तासाला दायवाने मला शिकवलं:
कॉडच्या हनुवटीला एकच मिशी लोंबते,
हॅडॉकच्या खांद्यावर काळा डाग,
जणू कुणी शाईचं बोट टेकवून म्हणालं, हा माझा.
सोलल्यावर मात्र दोघे पांढरेफटक,
मग भले भले फसतात.
शब्दांचंही तेच आहे, मी म्हटलं.
सोलू नका. कातडीसकट घ्या.

बॉरो आणि लेंडमध्ये रेबवार महिनाभर रुतून बसला.
‘मला पाच पौंड बॉरो करा.’
(आमच्या डॉकवर निम्मं गाव असंच बोलतं,
पण ते मी त्याला सांगितलं नाही.)
फळ्यावर बाण काढले: हा जाणारा, हा येणारा.
तो बराच वेळ बघत राहिला.
‘टीचर, माझे गेलेले आलेच नाहीत.
तो बाण कुठल्या बाजूला काढायचा?’

दायवा एकदा उशिरा आली, धापा टाकत.
‘सॉरी. आय ॲम वेटिंग.’
कशाची वाट बघतेस, बसची?
तिने कोटाची बटणं सोडली, पोटावर हात ठेवला.
मग मी एक्स्पेक्टिंग लिहिलं, मोठ्या अक्षरांत,
आणि सगळ्यांनी ते वहीत उतरवलं,
रेबवारनेसुद्धा, भक्तिभावाने, दोनदा.
त्यांच्या लिथुएनियनमध्ये दोन्हींचं मूळ एकच.
नवव्या महिन्यात पायांवर सूज घेऊन ती म्हणाली,
‘टीचर, आता तुमच्याकडेही एकच झालाय.’

हाब्तोम कमी बोलायचा.
मार्चमध्ये तास संपल्यावर तो थांबला,
खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला.
नाव: मेर्हावी. वय: एकोणीस.
शेवटचा फोन: किनाऱ्यावरून, रात्रीचा.
खाली त्याच्या ठसठशीत अक्षरात,
माय ब्रदर इज लॉस्ट.

लाल पेन माझ्या हातातच होतं.

मी बारा वर्षांची होते.
कंपनीचा माणूस दारात आला, हॅट काढून.
माझा भाऊ क्लिफर्ड ज्या बोटीवर होता
ती आइसलँडच्या बाजूला मिसिंग आहे, म्हणाला.
बावीस दिवसांनी तोच माणूस, तीच हॅट,
आता शब्द लॉस्ट.
आईने विचारलं, फरक काय?
मिसिंगला पगार चालू होता.
लॉस्टला नव्हता.
एवढं स्वच्छ व्याकरण मला पुढे कुणी शिकवलं नाही.

आई नंतर सत्तावीस वर्षं जगली.
त्याचे बूट तिने कुणाला दिले नाहीत,
घातलेही नाहीत, झाडले मात्र दर शनिवारी.
कुणी ‘तुमचा लॉस्ट झालेला मुलगा’ म्हटलं
की ती शांतपणे दुरुस्त करायची,
जशी मी आता वह्या करते.

हे हाब्तोमला सांगायला इंग्रजी पुरलं नसतं.
त्याचं नाही, माझं.
मी लॉस्टवर रेघ मारली. वर लिहिलं, मिसिंग.
‘स्पेलिंग चुकलं होतं?’
नाही. स्पेलिंग बरोबर होतं.
त्याने नवा शब्द बोटाने एकेक अक्षर वाचला.
‘एस दोनदा का?’
पंचवीस वर्षं शिकवतेय,
आणि कारण मला माहीत नाही.
दोनदाच असतो, म्हटलं. एकही गाळायचा नाही.

हीटर बंद केला. दिवे त्याने मालवले.
बाहेर बंदराकडून वारा येत होता,
नेहमीचाच, माशांचा.