हातोड्याचा घाट

तळोद्याला समुद्र नाही.
लाकडाची वखार आहे, वखारीत भुसा,
भुशावर झोपलेलं एक पिवळं कुत्रं.
तरी मी म्हणतो, सुरतेची गोदी इथून सुरू व्हायची.
हसा. वेल्डरही हसायचे.

ओला साग पाण्यात बुडतो.
हे पुस्तकातलं नाही, ठुमा वळवीचं.
आधी खोडाभोवती सालीचं कडं काढायचं
आणि झाडाला उभ्याउभ्या मरू द्यायचं, दोन वर्षं.
पानं जातात, पाखरं जातात,
मग ते तरायला लायक होतं.
ठुमाचा पणजा भादव्यात, पूर उतरणीला लागला की
हातोड्याच्या घाटावरून तराफा सोडायचा.
वेलांनी आवळलेले बारा ओंडके,
वर तो, एक बांबू, मक्याच्या भाकरी.
सुरतेला ओंडके मोजून घेत. माणूस मोजत नसत.
तो पायी परत यायचा, नदीच्या उलट,
आणि जहाज कसं असतं विचारलं की
म्हणायचा, आपलंच रान, आडवं पडलेलं.

घाटाचं नाव हातोडा, आणि माझ्या बापाच्या हातातही हातोडा.
डेपोत ओंडक्याच्या तोंडावर शिक्का ठोकायचं काम :
चंद्रकोर, खाली तीन रेघा.
दिवसाला दोनशे घाव. रात्री जेवताना
घास धरलेला हात ताटावर थरथरायचा.

मी मुंबईच्या गोदीत सुतार लागलो तेव्हा
सुताराचं काम संपत आलं होतं.
सगळं पोलाद. ठिणग्या. निळे चष्मे.
आमच्याकडे केबिनची कपाटं, शिडीची पायरी,
साहेबाच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय.
एकोणऐंशी साली मात्र एक म्हातारं जहाज आलं, मोडायला.
सुरुंग वेचणारं. अख्खं लाकडाचं.
चार्जमन घाग म्हणाला, लोखंड जवळ आलं की सुरुंगाला कळतं,
लाकूड गेलेलं कळत नाही.
मला ठुमा आठवला.
त्याच्या रानातून जाण्याची हीच तऱ्हा.

एकोणीस दिवस आम्ही ते उकललं.
सांध्यांतून कलाफतीचा कापूस निघायचा, काळा, डांबराच्या वासाचा,
म्हाताऱ्याच्या कानातून निघावा तसा.
विसाव्या दिवशी तळाच्या एका तुकड्यावर
चंद्रकोर.
खाली तीन रेघा. किंवा अडीच.
घाग म्हणाला, साखळी घासली असेल रे.
मी मान हलवली.
आणि तेवढा हातभर तुकडा पावती फाडून विकत घेतला,
चौदा रुपये.

नंदुरबारला उतरलो तेव्हा पहाट होती.
बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यानं अंगठ्यानं पाहिलं.
रेघांवरून एकदा, चंद्रावरून तीनदा.
म्हणाला, हाऊ मन्हा नई शे.
मन्हा घाव इतला हलका नव्हता.
मी गप्प. एवढ्या लांबून आणलेलं ओझं
मांडीवर तसंच.
मग त्यानं तो तुकडा नाकाशी नेला,
पुष्कळ वेळ तिथंच धरला.
पन लाकूड आपलं शे, म्हणाला.

पुढं उकाईचं पाणी मागं मागं येत राहिलं.
आता ओंडका सोडला तर
धरणाच्या भिंतीशी जाऊन उभा राहील, रांगेत लागल्यासारखा.
कुणी सोडतही नाही.
तुकडा मी ठुमाच्या नातवाला दिला.
त्यानं नवं घर बांधलं, सिमेंटचं,
पण उंबऱ्याला लाकूड हवं म्हणाला.
शिक्का खालच्या बाजूला गेला. मी सांगितलं नाही,
तो काही संग्रहालय बांधत नव्हता.

परवा गेलो होतो.
पाऊस होऊन गेलेला, हवा दमट,
उंबरा फुगून गडद झालेला.
दारात त्याच्या दोन शेळ्या, माना खाली,
एकाच जागी चाटत होत्या.
हाकललं तरी परत यायच्या.
नातू म्हणाला, पावसाळ्यात रोज असंच करतात,
काय सापडतं यांना, कळत नाही.

मी वाकलो. बोट फिरवलं, जिभेला लावलं.
खारट.